नवे बांधणी-साधन : नित्य कामावर घेण्यापूर्वीची पारख

गावच्या महसुली उताऱ्यापासून शाळेच्या निकालपत्रकापर्यंत आज कितीतरी कागद संगणकातून बाहेर पडतात. ज्या आज्ञावल्यांच्या बळावर हे काम चालते त्या कोणी लिहिल्या, त्यांवर किती खर्च झाला, याची चर्चा अधूनमधून होत असते. परंतु माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्रात चालण्याजोगी कशी होते, या मधल्या पायरीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या पायरीस 'बांधणी' म्हणतात, आणि ती पार पाडणाऱ्या साधनास संगणकक्षेत्रात 'बिल्ड टूल' असे नाव आहे. प्रस्तुत लेखात त्यास 'बांधणी-साधन' म्हटले आहे. अशी साधने नित्य नवी निघत असतात आणि प्रत्येक साधन आपण आधीच्याहून जलद व सुटसुटीत असल्याची ग्वाही देते. त्यांपैकी एखादे प्रत्यक्ष कामावर घेण्याइतके पक्के झाले आहे किंवा नाही, हे ठरविण्याची वेळ कचेरीतील अधिकाऱ्यावर येऊ शकते, तशीच संगणक-प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शिक्षकावरही येते. निर्णय चुकला तर त्याचे फळ ज्याला भोगावे लागते तो ग्रामस्थ मात्र या चर्चेत कोठेच नसतो.

बांधणी म्हणजे काय?

मोठी आज्ञावली एका फाइलीत मावत नाही. शेकडो, प्रसंगी हजारो फाइलींत ती विभागलेली असते. या मूळ फाइलींचे यंत्रभाषेत रूपांतर करणे, रूपांतरित तुकडे एकमेकांस जोडणे, त्यांबरोबर चित्रे, मजकूर व भाषांतरे बसविणे आणि शेवटी वाटपायोग्य संच तयार करणे, एवढी कामे बांधणीत येतात. प्रत्येक वेळी सारे काम आरंभापासून केले तर तासन्‌तास जातात. म्हणून साधन असे पाहते की, कोणती फाइल बदलली, त्या फाइलीवर दुसऱ्या कोणत्या फाइली अवलंबून आहेत, आणि तेवढ्याच भागाची बांधणी पुन्हा केली तर भागेल काय.

ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणी यादीचे उदाहरण घेतल्यास हे सहज ध्यानात येईल. समजा, गावात सात प्रभाग आहेत. प्रत्येक प्रभागाचा तक्ता वेगळा आणि शेवटी साऱ्या गावाच्या एकूण रकमेचे एक पान. तिसऱ्या प्रभागातील एका घराची आकारणी दुरुस्त झाली. आता तिसरा तक्ता नव्याने लिहावा लागेल, हे उघडच आहे. एकूण रकमेचे पानही बदलावे लागेल. उरलेल्या सहा तक्त्यांना हात लावण्याचे कारण नाही. एखाद्या अतिदक्ष कारकुनाने ते सहाही तक्ते पुन्हा लिहून काढले तर वेळ वाया जाईल, एवढेच. परंतु दुसऱ्या एखाद्याने घाईत एकूण रकमेचे पान तसेच जुने ठेवले तर यादी दिसावयास नीटनेटकी, सह्या-शिक्के यथास्थित, आणि हिशेब मात्र खोटा, अशी अवस्था होईल. बांधणी-साधनाच्या हातूनही याच दोन जातींच्या चुका होतात. पहिल्या जातीची चूक घड्याळ दाखवून देते. दुसऱ्या जातीची चूक कोणीच दाखवून देत नाही. साधन काम पूर्ण झाल्याचे सांगते आणि जुना तुकडा नव्या संचात निमूटपणे बसून राहतो.

एका सकाळच्या नुकसानीतून

या दुसऱ्या जातीच्या चुकीमुळेच बांधणी-साधनांचा जन्म झाला, हे जाणून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली स्टीव्ह जॉन्सन या संगणकतज्ज्ञाची एक संपूर्ण सकाळ आपल्या आज्ञावलीतील दोष शोधण्यात गेली. वास्तविक दोष त्यांनी केव्हाच दुरुस्त केला होता. परंतु दुरुस्त केलेल्या फाइलीचे पुन्हा रूपांतर करण्याचे राहून गेले आणि चालत होता तो जुनाच तुकडा. आदल्या संध्याकाळी त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्यावरही हाच प्रसंग गुदरला होता. फेल्डमन यांनी त्या आठवड्याअखेरीस 'मेक' हे साधन तयार केले. फाइली परस्परांवर कशा अवलंबून आहेत ते एका कृतिपत्रिकेत लिहावयाचे. मूळ फाइलीची वेळ तिच्यापासून बनलेल्या तुकड्याच्या वेळेहून अलीकडची असेल तर तो तुकडा पुन्हा बांधावयाचा, एवढेच त्याचे तत्त्व होते. या साधनाबद्दल फेल्डमन यांना २००३ सालचा असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या संस्थेचा पुरस्कार मिळाला आणि लिनक्सच्या गाभ्याची बांधणी आजही मेकनेच होते.

मेकच्या कृतिपत्रिकेत आज्ञेच्या ओळीचा आरंभ टॅब या कळीने उमटणाऱ्या रिकाम्या जागेनेच करावा लागतो. टॅबऐवजी साध्या मोकळ्या जागा पडल्या तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, साधन मात्र अडून बसते. हा नियम गैरसोयीचा आहे, हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले होते. पण तोवर साधन वापरणारे सुमारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक त्यांचे स्नेहीच. त्यांचे चालू काम मोडू नये म्हणून त्यांनी नियम तसाच ठेवला. डझनभर माणसांची ती सोय पुढे जगभरच्या लाखोंची अडचण झाली. ग्नू मेकमध्ये टॅबऐवजी दुसरे चिन्ह निवडण्याची मुभा आली ती २०१० साली! एखादे साधन कामावर रुजू झाले की त्याचे दोषही कायम होतात. म्हणूनच पारख रुजू करून घेण्यापूर्वी करावयाची असते.

मराठी मजकुराची कसोटी

जीनोम व केडीई या मुक्त संगणक-प्रणालींची पटले मराठीतही उपलब्ध आहेत. त्यांतील मराठी शब्द मूळ आज्ञावलीत लिहिलेले नसतात. ते भाषांतराच्या स्वतंत्र फाइलीत असतात आणि बांधणीच्या वेळी त्यांचे यंत्रास वाचता येईल असे रूपांतर होते. भाषांतर करणाऱ्याने एखादा शब्द सुधारला, परंतु भाषांतराची फाइल साधनाच्या अवलंबित्वाच्या यादीतच नसेल, तर पटलावर जुनाच शब्द झळकत राहतो. एखादा शब्द पुसट होतो एवढेच नव्हे, तर भाषांतर करणारा आपलेच काही चुकले असे समजून दिवसभर आपल्या फाइलीत दोष शोधत बसतो. स्टीव्ह जॉन्सन यांची सकाळ गेली तशीच ही गत.

शिक्षकांना ही कसोटी शाळेतल्या संगणकावर सहज करून पाहता येईल. लहानशा आज्ञावलीत 'साठवा' या शब्दाच्या जागी 'जतन करा' असे घालावे, बांधणी करावी आणि पटलावर नवा शब्द उमटतो की नाही ते पाहावे. त्याच वेळी आणखी एक गोष्ट तपासावी. फाइलीचे नाव देवनागरीत ठेवावे, आणि दुसऱ्या एका फाइलीच्या नावात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडावी. बरीच साधने केवळ रोमन अक्षरांतील, सलग लिहिलेल्या नावांवर तपासलेली असतात. मेकमध्ये तर मोकळी जागा म्हणजे एक नाव संपून दुसरे सुरू झाले, असाच अर्थ होतो. 'वार्षिक अहवाल' नावाची एक फाइल त्याला 'वार्षिक' आणि 'अहवाल' अशा दोन फाइली वाटतात.

केडीईने बदललेला निर्णय

नव्या साधनाची पारख कशी होते व कशी फसते, याचे बोधप्रद उदाहरण केडीई प्रकल्पाच्या इतिहासात सापडते. १९९६ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात जगभरचे स्वयंसेवक काम करतात. आरंभीची अनेक वर्षे त्यांची बांधणी 'ऑटोटूल्स' या जुन्या साधनसंचावर होत असे. प्रकल्प वाढत गेला तशी त्या साधनसंचाची कृतिपत्रिका इतकी गुंतागुंतीची झाली की, ती पुरतेपणी समजणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. इतरांनी कोठे बदल करावयाचा झाल्यास शेजारच्या कृतिपत्रिकेतील ओळी उतरवून घ्याव्या आणि काम झाले म्हणजे पुन्हा तिकडे पाहू नये. कचेऱ्यांतील जुन्या नमुन्यांच्या बाबतीत हा प्रकार अपरिचित नाही.

केडीईच्या चौथ्या पिढीची तयारी सुरू झाली तेव्हा, २००५ साली स्पेनमधील मालागा येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात, 'एसकॉन्स' हे नवे साधन घेण्याचे ठरले. एसकॉन्सची कृतिपत्रिका पायथन या सुबोध भाषेत लिहिता येते आणि बदल ओळखण्यासाठी ते फाइलीची केवळ वेळ न पाहता तिचा मजकूर पाहते. कागदावर सर्व गुण उजवे होते. काही महिन्यांच्या कामानंतर मात्र अडचणी दिसू लागल्या. बांधणीपूर्वी यंत्रावर कोणकोणती सामग्री आहे याची चाचपणी करणारी जी व्यवस्था एवढ्या मोठ्या प्रकल्पास हवी होती, ती तयार मिळेना. लिनक्सखेरीज अन्य प्रणालींवर काम अडू लागले; आणि चौथी पिढी तर विंडोज व मॅकवरही चालावी, असा प्रकल्पाचा संकल्प होता. उणिवा भरून काढण्यासाठी केडीईच्या मंडळींनी स्वतःचे थर त्यावर चढविले. ते वाढत गेले तसे मूळ साधनाशी त्यांचे नाते तुटत गेले.

अखेरीस २००६ च्या आरंभी दुसऱ्या साधनाची, 'सीमेक'ची, चाचणी घेण्यात आली. किटवेअर या अमेरिकन कंपनीने २००० साली वैद्यकीय प्रतिमांच्या अभ्यासासाठी चाललेल्या 'इनसाइट टूलकिट' प्रकल्पाकरिता ते तयार केले होते. त्या प्रकल्पाला अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे पाठबळ होते. सीमेकची कृतिपत्रिका लिहिण्याची भाषा कोणालाही सुंदर वाटत नव्हती. परंतु काही आठवड्यांतच केडीईच्या मूळ ग्रंथालयांची बांधणी त्यावर यशस्वी झाली, आणि अडचण कळविली की साधनाचे कर्ते स्वतः लक्ष घालून ती दूर करीत. निर्णय बदलला गेला. जानेवारी २००८ मध्ये केडीईची चौथी पिढी प्रसृत झाली ती सीमेकवर बांधलेली होती.

यावरून एसकॉन्स हे साधन वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. 'गोडो' हे खेळ तयार करण्याचे लोकप्रिय यंत्रणासंच आजही एसकॉन्सवरच बांधले जाते. बैलगाडीचे चाक उत्तम असले तरी ते ट्रॅक्टरला बसत नाही, इतकेच. केडीईच्या मंडळींचे विशेष हे की, जुने साधन मोडीत काढण्यापूर्वीच त्यांनी नव्याची खरी परीक्षा घेतली आणि परीक्षेत ते उतरत नाही असे दिसताच, संमेलनात ठरले आहे म्हणून ते रेटून नेले नाही. ठरावाची प्रतिष्ठा राखण्यासाठी चुकीचे साधन गळ्यात बांधून घेणे, हा प्रकार संगणकक्षेत्रातही विरळा नाही.

आवृत्तीचा आकडा व वेगाचा दावा

साधनाच्या नावापुढे '१.०' हा आकडा लागला म्हणजे ते परिपक्व झाले, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा होय. गूगल कंपनीने आपल्या अंतर्गत वापरातील साधनाचा 'बेझल' हा अवतार मार्च २०१५ मध्ये सर्वांसाठी खुला केला. कंपनीत ते वर्षानुवर्षे राबत होते, तरीही बाहेरच्यांसाठी १.० आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये निघाली. उलटपक्षी, इव्हान वॉलेस यांनी २०२० साली काढलेले 'एसबिल्ड' अनेक वर्षे शून्याने आरंभ होणाऱ्या आवृत्तीतच राहिले, आणि त्याच काळात संकेतस्थळे तयार करणाऱ्या असंख्य लोकांनी, 'व्हीट' या साधनाच्या पोटातून, त्यावर नित्य काम केले. आकड्यातून एवढेच कळते की, पुढील आवृत्तीत तुमची कृतिपत्रिका मोडणार नाही असे वचन कर्त्यांनी दिले आहे किंवा कसे. ते वचन महत्त्वाचे आहेच. त्याची किंमत मागच्या आवृत्त्यांच्या बदलनोंदी वाचल्या म्हणजे कळते: जुनी पद्धत बंद करताना आधी सूचना दिली होती काय, की एके सकाळी ती नाहीशीच झाली?

वेगाचेही तसेच. दहापट जलद असल्याचा दावा बहुधा साधनकर्त्याच्या शक्तिमान यंत्रावर, त्याने निवडलेल्या कामावर मोजलेला असतो. आपले यंत्र जुने, स्मृती तुटपुंजी, आणि काम निराळे. आपल्याच यंत्रावर, आपल्याच आज्ञावलीची बांधणी तीन वेळा करून वेळ टिपावी. साधनाला घाईत काम टाळण्याची सवय असेल तर ते जलद दिसणारच! म्हणून वेग सर्वांत शेवटी मोजणे इष्ट.

प्रत्यक्ष चाचणीचा क्रम

प्रथम सर्व जुने तुकडे काढून टाकून आरंभापासून संपूर्ण बांधणी करावी. ती पार पडताच काहीही न बदलता पुन्हा बांधणीची आज्ञा द्यावी. साधनाने करण्यासारखे काही नाही असे सांगून थांबले पाहिजे. ते पुन्हा कामास लागले तर अवलंबित्वाचे त्याचे आकलन कोठेतरी चुकले आहे. नंतर अनेक फाइलींना समान असणाऱ्या एका फाइलीत लहानसा बदल करावा आणि त्यावर अवलंबून असणारे सर्व तुकडे पुन्हा बांधले गेले काय ते मोजून पाहावे. तयार झालेला एखादा तुकडा मुद्दाम पुसावा. रूपांतरकाला दिलेली एखादी सूचना बदलावी. मूळ फाइल न बदलता केवळ सूचना बदलली तर अनेक साधने फसतात, आणि नेमक्या याच प्रसंगाची चाचणी घेण्याचे राहून जाते.

बांधणी अर्ध्यावर असताना यंत्राची वीज तोडून पाहावी. आपल्याकडे ही चाचणी वेगळी घ्यावी लागत नाही, पावसाळ्यात ती आपोआप घडते. पण ती ठरवून, नोंद करून घेतलेली बरी. वीज परत आल्यावर अर्धवट लिहिलेला तुकडा पूर्ण समजून साधन पुढे गेले तर त्याला नापास करण्यास दुसरे कारण शोधू नये.

त्यानंतर दूरसंचाराची जोडणी काढून बांधणी करावी. आजची बरीच साधने बांधणीच्या वेळी लागणारे सुटे भाग इंटरनेटवरून ओढून घेतात. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने 'लेफ्ट-पॅड' नावाचा आपला अवघ्या अकरा ओळींचा भाग सार्वजनिक भांडारातून काढून घेतला आणि जगभरच्या असंख्य बांधण्या काही तास ठप्प झाल्या. त्यांपैकी पुष्कळांना आपण त्या अकरा ओळींवर विसंबून आहोत, याची कल्पनाही नव्हती. सर्व सुटे भाग आपल्या कोठारात साठवून, जोडणीवाचून बांधणी करता येते किंवा नाही, हा प्रश्न जेथे जोडणी दिवसातून चार वेळा तुटते तेथे तर प्रथमच विचारला पाहिजे.

शेवटची चाचणी दोन यंत्रांची. एकाच मूळ आज्ञावलीची दोन निरनिराळ्या यंत्रांवर, वेगळ्या दिवशी, वेगळ्या नावाच्या कप्प्यांत बांधणी करावी. एका यंत्राचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेवर व दुसऱ्याचे ग्रिनिच वेळेवर ठेवावे. दोन्ही संच अक्षरशः एकसारखे निघाले पाहिजेत. बहुधा ते निघत नाहीत, कारण साधन बांधणीची तारीख, कप्प्याचे नाव असे काहीबाही संचात गोवून टाकते. डेबियन या मुक्त प्रणालीच्या स्वयंसेवकांनी २०१३ पासून या एकरूप बांधणीसाठी पद्धतशीर प्रयत्न चालविले आहेत. भारतात सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्याने हा प्रयत्न आपल्याला परका नाही.

दोन संच एकसारखे असण्यात एवढे काय आहे?

हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर अलीकडच्या दोन घटनांनी दिले आहे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीच्या 'ओरायन' या आज्ञावलीत घातक भाग मिसळल्याचे उघडकीस आले. घुसखोरांनी कंपनीच्या बांधणीच्या यंत्रात ठाण मांडले होते. बांधणी सुरू झाली की एक मूळ फाइल गुपचूप बदलावयाची आणि बांधणी संपताच ती पूर्ववत करावयाची, अशी त्यांची योजना होती. मूळ आज्ञावली तपासणाऱ्यास ती निर्दोषच दिसे. कंपनीच्या अधिकृत सहीशिक्क्यानिशी तो संच सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोहोचला. त्यांत अमेरिकेची शासकीय खातीही होती.

दुसरी घटना मार्च २०२४ मधील. 'एक्सझेड' हे फाइली आवळून लहान करणारे साधन असंख्य संगणकांवर असते. त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दूरस्थ संगणकात चोरवाट उघडणारा भाग दडविला होता. घातक मजकूर चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत लपविलेला होता, आणि तो बाहेर काढून संचात बसविणाऱ्या ओळी सार्वजनिक भांडारात नसून वाटपासाठी तयार केलेल्या गाठोड्यातील बांधणीच्या कृतिपत्रिकेत होत्या. कृतिपत्रिका जुन्या, क्लिष्ट पद्धतीची असल्याने ती कोणी ओळीने वाचली नाही. आंद्रेस फ्रॉइंड या संगणकतज्ज्ञांना दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद उशीर होतो असे जाणवले, त्यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला आणि २९ मार्च रोजी सारा प्रकार जगापुढे मांडला. विषबाधा झालेल्या आवृत्त्या तोवर मुख्यतः चाचणीच्या प्रणालींतच पोहोचल्या होत्या, ही सुदैवाची गोष्ट. युनिक्सचे एक निर्माते केन टॉम्प्सन यांनी १९८४ साली आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, मूळ आज्ञावली स्वच्छ असूनही रूपांतरकाच्या मार्फत दगा करता येतो, हे दाखवून दिले होते. चाळीस वर्षांनीही तो धोका जुना झालेला नाही.

म्हणून नव्या साधनाविषयी असे विचारावे की, त्याची कृतिपत्रिका दुसऱ्या माणसाला वाचून समजते काय? कार्यालयातील ज्याने ती लिहिली नाही अशा कर्मचाऱ्यापुढे ती ठेवावी व कोणता तुकडा कोठून येतो ते त्याच्याकडून वदवून घ्यावे. बांधणी मुद्दाम चुकवून साधन चूक कशी सांगते तेही पाहावे. चूक कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळीत हे न सांगता जे साधन चाळीस ओळींचा गूढ मजकूर ओकते, ते तज्ज्ञ माणूस बदलून गेल्यावर कार्यालयाला निरुपयोगी होते. साधनामागे माणसे किती आहेत, हेही येथेच पाहावयाचे. एक्सझेडचा भार दीर्घकाळ प्रामुख्याने एकाच स्वयंसेवकावर होता, आणि तो थकलेला असतानाच मदतीच्या मिषाने घुसखोर आत आला.

जुने व नवे शेजारी शेजारी

इतक्या कसोट्यांतून साधन उतरले तरी जुने साधन त्याच दिवशी काढून टाकू नये. लिनक्सवरील बहुतेक संगणक सुरू करणाऱ्या 'सिस्टमडी' या आज्ञावलीने २०१७ साली ऑटोटूल्स सोडून 'मेसन' स्वीकारले, ते अशाच बेताने. जुलैमधील २३४ व्या आवृत्तीत दोन्ही कृतिपत्रिका शेजारी शेजारी दिल्या, जुनी लवकरच काढणार असल्याची सूचना केली, आणि त्यापुढील आवृत्तीत जुनी काढून टाकली.

मुदत घालून न घेतल्यास काय होते, तेही पाहावे. हजारो सर्व्हरवर कामे वाटून देणाऱ्या 'कुबरनेटिस' या प्रकल्पाने आपल्या जुन्या मेकच्या जोडीने बेझलही चालविले. दोन्ही कृतिपत्रिका वर्षानुवर्षे सांभाळाव्या लागल्या. प्रत्येक बदल दोन ठिकाणी करावा लागे. शेवटी २०२१ साली बेझलच काढून टाकण्यात आले. दोन दप्तरे ठेवणाऱ्या कार्यालयात दोन्ही अपुरी राहतात, हा अनुभव लेखनिकांना नवा नाही.

लहान कार्यालयास वा शाळेस एक संपूर्ण कामाचे आवर्तन, म्हणजे उदाहरणार्थ प्रवेशापासून निकालापर्यंतचे एक सत्र, दोन्ही साधने समांतर चालविता येतील. या काळात वाटप जुन्या साधनाने बांधलेल्या संचाचेच करावे, नव्याचा संच त्याच्याशी ताडून पाहावा आणि जेथे फरक पडेल तेथे त्याचे कारण लेखी नोंदवावे. समांतर काळ संपण्याची तारीख आरंभीच ठरवून नोंदवहीत लिहावी. त्या दिवशी खुलासा न झालेला एकही फरक शिल्लक असेल तर नवे साधन रुजू न करता मुदत एकदाच वाढवावी. ते रुजू झाल्यानंतरही जुनी कृतिपत्रिका, तिला लागणारी साधनाची नेमकी आवृत्ती आणि तिने बांधलेला शेवटचा संच हे तिन्ही एकत्र, इंटरनेटवर विसंबून न राहता, कार्यालयातच जपून ठेवावेत. आणि वर्षातून एकदा जुन्या कृतिपत्रिकेने बांधणी करून तो संच अजून तयार होतो, याची खात्री करून घ्यावी.